ठरवून केलेला बदल

३ मार्च

महोदय,

संगणकाच्या पडद्याची मांडणी बनवणाऱ्या आपल्या प्रकल्पाच्या सार्वजनिक तक्रारवहीत मी परवा एक तक्रार लिहिली. क्रमांक चार हजार चारशे सतरा. ती काल बंद झाली. बंद करणाऱ्याने खाली तीन शब्द लिहिले आहेत : "ठरवून केलेला बदल." आणि त्या तीन शब्दांखाली आपलं नाव आहे.

ज्या धाकट्या भावाला मी बुटाची नाडी बांधायला शिकवलं, त्याला मला गप्प करायला तीन शब्द पुरले! तीस वर्षं टंकलेखकांच्या संघटनेत भाषणं केली मी. मोठमोठ्या साहेबांना माझं तोंड बंद करायला निदान एक परिपत्रक काढावं लागायचं.

तक्रार पुन्हा मांडते, आणि या वेळी कागदावर. कागद कळ दाबून बंद करता येत नाही.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत नऊ संगणक आहेत. अकरा वर्षांपूर्वी मी कार्यकारिणीपुढे दोन तास बोलले होते, की जी वस्तू उघडून आत बघता येत नाही ती तुमच्या घरात असली तरी तुमची नाही. मग सलग तीन रविवार त्या खोलीत जमिनीवर बसून आपणच त्या नऊ यंत्रांवर ही कुणालाही आत बघता, बदलता येणारी मुक्त प्रणाली चढवलीत. आठवत असेल, नसेल. तेव्हापासून त्या खोलीत मी शिकवते. ज्यांना कुणी शिकवत नाही त्यांना.

गेल्या गुरुवारी आमच्या दुरुस्तीवालीने नवी आवृत्ती चढवली. शुक्रवारी खोली उघडली तर नऊच्या नऊ पडदे कोरे. खाली डाव्या कोपऱ्यातलं बटण गेलं. खालची पट्टी गेली. पडद्यावरची चित्रं गेली. खिडकी खाली ढकलायची ती छोटी रेघ, तीही गेली. वर एक काळी पट्टी आणि मधोमध घड्याळ. घड्याळ माझ्या भिंतीवर आहे, महोदय.

आमचे पोस्टमनकाका, निवृत्त, गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतात. रस्त्यावरच्या बंद दिव्याबद्दल त्यांनी अर्ज टाइप केला, जपून ठेवला, आणि पडद्यावर त्याचं चित्र उमटलं नाही म्हणून तो गेला असं समजून पुन्हा टाइप केला. असा सात वेळा. सातही छापले. दिव्याच्या कचेरीतून फोन आला की एकाच खांबासाठी सात अर्ज, काय भानगड आहे? दिवा अजून बंदच आहे.

या सगळ्याचा फायदा कुणाला झाला, ऐका. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. माणसाच्या तोंडात हात घालून त्यालाच प्रश्न विचारायची त्यांना सवय. त्यांच्याकडे एक विक्रेता येऊन गेला आहे. नवीन यंत्रं, त्यांवर त्याच्या कंपनीची बंदिस्त प्रणाली, पहिलं वर्ष फुकट. गळाला लावलेलं गांडूळही माशाला फुकटच असतं, असं मी म्हणाले. कार्यकारिणी हसली, आणि तारीख ठरवून मोकळी झाली. वीस एप्रिल. त्या दिवशी खोलीतल्या वाचकांनी कुणाच्याही मदतीशिवाय आपलं काम करून दाखवायचं. जमलं तर खोली आहे तशी राहील. नाही जमलं तर नऊही यंत्रं उचलायची आणि खोली त्या कंपनीच्या हाती.

अकरा वर्षांचं काम आहे हे. तेव्हा जुनी मांडणी परत आणा. बदल ठरवताना तुम्ही पाच-पन्नास हुशार माणसं बसला असाल. आमच्या पोस्टमनकाकांना विचारलंत?

तक्रारदार


१० मार्च

गुंड्या,

महोदय वगैरे पुरे झालं. मलाच लिहिताना दाढ दुखल्यासारखं होत होतं.

माझं पत्र पोचलं असेल. उत्तर नाही. नको देऊस. तुझ्यावाचून अडलेलं नाही. काल गुरुवार होता. दुरुस्तीवाली आली, माझं भाषण ऐकत ऐकत पिशवीतून पेचकस काढला, परत ठेवला आणि म्हणाली, "अक्का, एवढं रान कशाला पेटवलंत? जुनी मांडणी कुणी मारून टाकलेली नाही. ज्यांना हवी त्यांनी ती वेगळी जिवंत ठेवलीय. उचलायची आणि बसवायची."

"म्हणजे परत येईल?"

"दुपारपर्यंत नऊही यंत्रांवर येईल. मुक्त प्रणाली म्हणतात ती याला. तुम्हीच शिकवलंत की मला."

आली! डावा कोपरा आला, पट्टी आली, चित्रं आली. पोस्टमनकाकांचे सातही अर्ज एका रांगेत दिसायला लागले, तर त्यांना इतका आनंद झाला की ते आठवा लिहायला बसले. तुमच्या "ठरवून केलेल्या" बदलाला नऊ यंत्रांपुरता तरी आम्ही धक्का मारून बाहेर काढला.

मग अध्यक्ष वर आले. पाठीमागे हात बांधून सगळ्या पडद्यांपुढून फिरले. म्हणाले, "छान. आणि ही मुलगी उद्या दुसरीकडे नोकरीला गेली, तर?"

मी बोलले. पंधरा मिनिटं बोलले. लोकांनी लोकांसाठी बनवलेल्या साधनांवर बोलले, छापखान्यांवर बोलले, वाचायला शिकलेल्या गुलामांवर बोलले. मी थांबल्यावर ते रोग्याला विचारावं तसं "झालं?" म्हणाले. मग म्हणाले, "अक्का, वीस तारखेला ठिगळ नको. प्रणाली जशी येते तशी दाखवा. एका माणसाच्या पिशवीवर चालणारी खोली आम्हाला नकोय."

त्यांचं म्हणणं चूक आहे हे मला अजून शब्दांत पकडता आलेलं नाही. पकडेन.

आता विषय निघालाच आहे तर तेही बोलते. चार वर्षं तू बोलत नाहीस ते वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या सभेवरून. तू मला लिहिलेलं खासगी पत्र मी व्यासपीठावरून वाचलं. कबूल. पण तू न कळवता आला होतास. तू सभागृहात बसला आहेस हे मला माहीत असतं तर मी वाचलं नसतं. एवढं तरी ध्यानात घे.

अक्का


१८ मार्च

गुंड्या,

आज माझ्याच खोलीत मला कोणीतरी हरवलं. सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तू ऐकतोस की नाही ते ठाऊक नाही. तरी लिहिते.

टेपमावशींना तू पाहिलेलं नाहीस. त्या शिवणकाम करतात. गळ्यात कायम मोजायची टेप असते, अगदी दवाखान्यातसुद्धा. साठीच्या पुढच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, मापं लिहिली की त्यांचं त्यांनाच वाचता येईना. म्हणून त्या संगणकावर आल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. छाती, कंबर, बाही आणि खाली शेरा : "खांदा डावा उतरता, सांगू नये."

तर मावशी सकाळी आल्या, पडदा बघितला आणि म्हणाल्या, "अक्का, हे जुनं का केलंत?"

"तुमच्यासाठीच केलं."

"माझ्या घरच्या लॅपटॉपवर नवं आहे. भाच्याने आणून दिलाय. इथे जुनं, घरी नवं. मी काय दोन डोकी घेऊन फिरू? एका यंत्रावर नवं ठेवा ना."

"मावशी, मी सगळ्या खोलीसाठी ठरवलंय."

"हो, तुम्ही ठरवलंत. आम्हाला विचारलंत?"

पोस्टमनकाका खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काही नव्हतं.

गुंड्या, टाळ्यांसाठी थांबायची सवय आहे मला, शब्दांसाठी थांबायची नाही. तुझ्या प्रकल्पाला मी जे विचारलं होतं, अक्षरन् अक्षर तेच मावशींनी मला विचारलं. त्यांना ते माहीतही नव्हतं.

मी वर्ग थांबवला आणि विचारलं. सगळ्यांना, एकेक करून. बाराजणांपैकी सातजण म्हणाले, नवं शिकू. चारजण म्हणाले, जुनं राहू द्या. पोस्टमनकाका म्हणाले, "ज्यावर माझा अर्ज दिसेल ते."

दोन यंत्रांवर जुनं ठेवलं आहे, ज्यांना हवं त्यांच्यासाठी. सातांवर नवं. वीस तारखेला नवंच दाखवायचं. एकदा ठरलं की ठरलं. शेंडी तुटो वा पारंबी. पण या वेळी ठरवलं मी नाही, हे लिहून ठेवते.

अक्का


३० मार्च

गुंड्या,

एक कबुली. तक्रार लिहिण्याआधी मी तुमची नवी मांडणी अकरा मिनिटं वापरली होती. अकरा. मी घड्याळ बघितलं होतं, तुमच्याच त्या मधल्या घड्याळात. पोस्टमनकाकांचं नाव पुढे करून मी माझीच अडचण लिहिली. अडले होते मी. नाचता येईना, अंगण वाकडं.

या बारा दिवसांत मी रोज दोन तास एकटीने बसले. पहिले चार दिवस नुसता राग. हात आपोआप खाली डावीकडे जायचा आणि तिथे काहीच नसायचं. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तसा धक्का. दिवसातून पन्नास वेळा.

पाचव्या दिवशी कळफलकावरची खिडकीचं चित्र असलेली ती कळ दाबली. उघडं असलेलं सगळं लहान होऊन समोर मांडलं गेलं, हात न लावता. आणि चिडून मी नुसतं "पत्र" असं टाइप केलं. पत्र लिहायचं साधन समोर आलं. मग "अर्ज दिवा" टाइप केलं. काकांचे आठही अर्ज आले.

अरे, मी टंकलेखिका आहे! मिनिटाला साठ शब्द, डोळे मिटून. आणि अकरा वर्षं मी माउस ढकलत कोपऱ्यातलं बटण शोधत होते. तुमची मांडणी मला विचारत होती की बाई, तुला काय हवंय ते बोल. आणि बोलणं सोडून दुसरं येतं काय मला? कौतुक करत नाहीये. खिडकी खाली ढकलायची रेघ काढलीत ते अजूनही मला पटलेलं नाही, आणि त्याबद्दल मी भांडणार आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. वर्गात मी ते शिकवायला गेले तर कुणाला येईना. माझी एक वही आहे, तुला माहीत आहे. बासष्ट पायऱ्यांची. "खाली डाव्या कोपऱ्यात दाबा. वरून तिसरं. मग उजवीकडे दुसरं." सगळ्यांनी उतरवून घेतलेली, काहींनी पाठ केलेली. मी काकांना विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" तर ते म्हणाले, "वरून तिसरं."

"वरून तिसरं काय, काका?"

"ते तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

अकरा वर्षं, गुंड्या. स्वातंत्र्यावर भाषण करून खाली उतरायचे आणि वर्गात येऊन माणसांना कोपरा पाठ करायला लावायचे. घोकंपट्टीविरुद्ध मी किती सभा गाजवल्या आहेत ते तुला ठाऊक आहे. आणि माझ्या वहीत एकाही पायरीपुढे "का" नाही. शब्द मोजायला बसले तर बासष्ट वेळा "दाबा" आहे.

वही मी फाडली नाही. असली नाटकं मला येतात, पण या वेळी केली नाहीत. कपाटात ठेवून कुलूप लावलं. आता वर्गात एकच नियम आहे : यंत्राला हात लावण्याआधी आपल्याला काय करायचंय ते मोठ्याने बोलायचं. पहिल्या दिवशी खोलीत इतका गोंगाट झाला की खालून ग्रंथपाल वर आले. "मला बाहीचं माप हवंय!" "मला कालचा अर्ज हवाय!" "मला हे छापायचंय आणि छपाईयंत्र ऐकत नाही!" ग्रंथपालांना वाटलं मोर्चा आहे.

तू त्या पत्रात नेमकं हेच लिहिलं होतंस. शब्द मला अजून पाठ आहेत. "अक्का, तुझे विद्यार्थी संगणक शिकत नाहीत, तुझी वही शिकतात. कोपरा हलला की ते पडतील." व्यासपीठावरून मी ते वाचलं आणि म्हणाले, बघा, स्वतःला तज्ज्ञ म्हणवणारे तुम्हाला काय समजतात! दोनशे माणसं हसली. हशा कसा काढायचा हे मला येतं.

एकवीस दिवस उरलेत. टेपमावशींची एक अडचण सुटत नाहीये, ती पुढच्या पत्रात.

अक्का


११ एप्रिल

गुंड्या,

मावशींची अडचण तुला आता माझ्याआधी कळलेली आहे. तरी इकडून ती कशी दिसते ते सांगते.

तुमच्या मांडणीत माउसचा बाण वरच्या डाव्या कोपऱ्याला टेकला की सगळ्या खिडक्या एकदम लहान होऊन पसरतात. ज्याचा हात स्थिर आहे त्याला ते सोयीचं. मावशींचा हात थरथरतो. त्या फाइलच्या यादीकडे जातात, हात उडतो, बाण कोपऱ्यात आपटतो आणि मापांचं पान समोरून नाहीसं होतं. एका तासात एकोणीस वेळा. मी मोजलं. आणि हा कोपरा बंद करायची सोय नेहमीच्या सेटिंगमध्ये दिलेली नाही. दुरुस्तीवालीला ती येते, पण पिशवी नको, हे ठरलेलं आहे.

मी म्हणाले, "मावशी, मी लिहिते तक्रार." आणि लिहिली. दीड पान. "ज्यांचे हात कष्ट करून थकले त्यांच्यावर तुमचा हा कोपरा थुंकतो" असं एक वाक्य होतं त्यात. मला आवडलं होतं.

मावशींनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाल्या, "छान आहे. पण यात माझा हात कुठे आहे?"

"हा काय, कष्ट करून थकलेला."

"थकला नाहीये हो. थरथरतो. माझा पोशाख दुसऱ्याच्या मापाने बेतल्यासारखं झालंय हे."

मग त्यांनी स्वतः लिहिलं. एका बोटाने, पाऊण तास. त्यांची तक्रार चार ओळींची आहे : काय करायला गेले, काय व्हायला हवं होतं, काय झालं, किती वेळा झालं. मी बाजूला बसून होते. दोनदा माझा हात कळफलकाकडे गेला तर म्हणाल्या, "अक्का, तो हात खाली. माझा एक हलतोय तेवढा पुरे."

सहा तारखेला ती तक्रार गेली. आठ तारखेला त्याखाली उत्तर आलं. बंद केली नव्हतीस. विचारलं होतंस : "हात साधारण किती हलतो? दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त? कृपया कळवावे."

मावशींनी गळ्यातली टेप काढली. टेबलावर आडवी अंथरली, हात वर धरला आणि काकांना सांगितलं, "वाचा." काका वाचत गेले, पोस्टात वजनं वाचायचे तसे. सकाळी एक इंच. जेवणानंतर पावणेदोन. कुणी टक लावून बघत असेल तर दोन. तेच लिहून पाठवलं त्यांनी तुला. तिसऱ्या आकड्यामागे "अक्का बसल्या होत्या" असंही लिहिणार होत्या, मी हातापाया पडून काढायला लावलं.

तू त्यांना "कृपया" लिहिलंस. मला चार पत्रांत एक अक्षर नाही आणि एका शिंपीणबाईंना दोन दिवसांत उत्तर! आधी चीड आली. मग वाटलं, का देऊ नयेस? त्यांनी तुला विचारलं. मी तुला विचारलं कधी? मी तुझ्यावर भाषण केलं. चार हजार चारशे सतरा काढून पुन्हा वाचली आज. त्यात प्रश्नचिन्हं सहा आहेत आणि प्रश्न एकही नाही.

आता एक गोष्ट, जी मी याआधी खोटी लिहिली.

दहा मार्चच्या पत्रात मी लिहिलं की तू सभागृहात आहेस हे मला माहीत नव्हतं. माहीत होतं. चौथ्या रांगेत, खांबाशेजारी. अंगावर प्रवासाचा चुरगळलेला शर्ट होता. तू मला हात केलास. मी बघितलं आणि खिशातून तुझं पत्र काढलं. आज ते वाचायचं असं घरून ठरवलेलं नव्हतं. तुला बघितल्यावर ठरवलं. मला वाटलं, समोर बसलाय, आता कळू दे. लोक हसायला लागले तेव्हा तूही पहिला क्षणभर हसलास, कारण तुला अजून कळलं नव्हतं की पत्र तुझंच आहे.

याच्यावर मी माफी लिहायला घेतली तर तिचंही भाषण होईल. म्हणून एकच वाक्य. मी जाणूनबुजून केलं, आणि ते नीच होतं.

अक्का


२१ एप्रिल

गुंड्या,

काल प्रात्यक्षिक झालं. क्रमाने सांगते.

आदल्या दिवशी वर्गाने ठराव केला. मला न विचारता, हे आता सांगायला नकोच. ठराव असा की प्रात्यक्षिक संपेपर्यंत अक्कांनी बोलायचं नाही. खाकरायचंसुद्धा नाही. काका म्हणाले, "तुमच्या खाकरण्यातही सूचना असते."

कार्यकारिणीचे सातजण आले. तो विक्रेताही आला होता, इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर चकचकीत पत्रकं. अध्यक्षांनी काम आयत्या वेळी दिलं : मागे लिहिलेला एक अर्ज शोधा, त्यातला पत्ता घ्या, वाचनालयाच्या नावाने नवं पत्र लिहा, जपून ठेवा, छापा. दोघांनी करून दाखवायचं, चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठी निघाली काकांची आणि मावशींची.

काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मला दिव्याचा अर्ज हवाय." कळ दाबली, टाइप केलं, आठही अर्ज समोर. अध्यक्षांनी विचारलं, "आठ का?" काका म्हणाले, "ती माझी प्रगती आहे." नऊ मिनिटांत पत्र छापून हातात दिलं.

मग मावशी. जेवणानंतरची वेळ, आणि सात माणसं टक लावून बघत असलेली. म्हणजे दोन इंच. पत्ता उचलायला गेल्या आणि हात उडाला. सगळ्या खिडक्या पसरल्या. परत आणल्या, परत उडाला. विक्रेत्याने शेजारच्याकडे बघून भुवई उंचावली. गुंड्या, मी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. "डावा हात वापरा" एवढेच तीन शब्द होते. जिभेच्या टोकावर बसले होते. मी ते गिळले. आयुष्यात काही गिळलेलं मला आठवत नाही.

मावशींनी माउस सोडला. लोकांकडे वळून म्हणाल्या, "हा माझा हात आहे. तो जातो तिथे मी जात नाही, एवढंच. थांबा जरा." मग माउसला हात न लावता नुसत्या कळफलकावरून, एका बोटाने, पत्ता उचलला, नव्या पत्रात ठेवला, पत्र लिहिलं. बावीस मिनिटं लागली. कुणी उठलं नाही.

कार्यकारिणीत एक भूमितीच्या शिक्षिका आहेत, फार कमी बोलतात. त्यांनी विचारलं, "तो कोपरा कायम असाच त्रास देणार का?"

मावशी म्हणाल्या, "तक्रार दिलीय."

विक्रेता हसला. "आमच्याकडेही तक्रार नोंदवून घेतात, बाई."

"घेत असाल. पण दिल्यावर ती कुठे जाते ते दिसतं का हो? माझी दिसते. हे बघा." आणि त्यांनी ते पान उघडलं. त्यांच्या चार ओळी. तुझा प्रश्न. त्यांची मापं. त्याखाली आणखी दोघांची उत्तरं, तीही कुठल्या तरी दूरच्या, हात थरथरणाऱ्या माणसांची, जी मावशींनाही तोवर ठाऊक नव्हती. "मापं घेतलीयत. अजून बेतलेलं नाही. पण कापड माझ्या डोळ्यांसमोर आहे."

विक्रेता मांडीवरची पत्रकं चाळायला लागला.

अकरा वर्षांपूर्वी त्याच लोकांपुढे हेच पटवायला मला दोन तास लागले होते.

शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळले. "अक्का, तुम्हाला काही बोलायचंय?" खोलीतल्या सगळ्यांनी खाली बघितलं, पाऊस येणार म्हणून छत्री उघडावी तसं. मी मान हलवली. नाही म्हणून. अध्यक्षांनी दोनदा विचारलं. त्यांना खरंच काळजी वाटली असावी.

निर्णय असा : चार विरुद्ध तीन. नऊही यंत्रं आहेत तिथे, आहेत तशी. तीन महिन्यांसाठी. वीस जुलैला पुन्हा बघणार. अटी दोन. एक, खोली एका माणसावर चालता कामा नये. यापुढे नव्या वाचकांना काका आणि मावशी शिकवतील, मी नाही. ही अट घालताना अध्यक्ष माझ्याकडे बघत होते, मी भडकेन म्हणून. मी नाही भडकले. मी मागच्या बाकावर बसणार आहे आणि लोक मोठ्याने काय मागतात ते ऐकणार आहे. ते काम सोपं नाही, माझ्यासारखीला तर नाहीच. पण करेन.

दुसरी अट भूमितीच्या शिक्षिकांची, आणि त्यांचंच मत निर्णायक होतं. वीस जुलैला तो कोपरा मावशींना स्वतःच्या हाताने बंद करता आला पाहिजे, पिशवीशिवाय. नाही आला तर त्या आपलं मत फिरवतील. त्यांनी ते साध्या आवाजात सांगितलं, आणि त्या बोललेलं फिरवत नाहीत.

म्हणजे आता खोलीचं काय होणार ते माझ्या बोलण्यावर नाही. तुझ्या हातात आहे, आणि त्यांच्या. चार वर्षांपूर्वी जे सांगायला तू एवढ्या लांबून आलास ते मी ऐकलं नाही. आता तुला ऐकवायचा मला अधिकार नाही, म्हणून विनवत नाही, दटावत नाही, आणि मनाला लागेल असं वाक्यही शोधत बसत नाही.

आज सकाळी मावशींनी तक्रारीखाली एक ओळ वाढवली आहे. "वीस जुलैपर्यंत होईल का?" एवढीच.

मला उत्तर नको, गुंड्या. त्यांना दे.

अक्का